तीन वाजताचे सात अंश

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता कंपनीच्या परीक्षकाने ताईंना नापास केलं.

परीक्षा सातला सुरू झाली होती आणि दुपारी चारपर्यंत चालायची होती. पण कंपनीच्या नियमावलीत सहा मुद्दे लाल अक्षरांत छापलेले आहेत. त्यांतला एक जरी चुकला तरी परीक्षा तिथल्या तिथे थांबते. बाकीचं सगळं सोन्यासारखं असलं तरी त्याला कुणी विचारत नाही. ताईंचा तिसरा लाल मुद्दा चुकला. परीक्षकाने पेनाला टोपण लावलं, घड्याळात पाहून वेळ लिहिली आणि "ताई, इथे थांबावं लागेल," एवढंच म्हणाला. स्वयंपाकघरातल्या सातही जणांचे हात जागच्या जागी राहिले. सुपाच्या पातेल्याखालचा गॅस तेवढा चालू होता, तोही ताईंनीच जाऊन बारीक केला.

ताई या हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख. वय एक्कावन्न, नोकरी एकोणीस वर्षांची. हॉटेल एका मोठ्या कंपनीच्या नावाने चालतं. पाटी कंपनीची, पदार्थ कंपनीचे, भिंतींचा रंगसुद्धा कंपनीने ठरवलेला. भाडं, पगार आणि डोकेदुखी मात्र मालकाची. मालक अडुसष्टचे झाले होते, त्यांचे गुडघे त्यांच्याआधी जिना चढायला नकार देत होते, आणि हॉटेल ताईंच्या नावावर करून त्यांना मोकळं व्हायचं होतं. ताईंनाही ते हवं होतं. घरासाठी साठवलेली रक्कम नवऱ्याला विचारून त्यांनी बाजूला काढली होती. देणारा राजी, घेणारी राजी. मधे तिसऱ्या कुणाचं काही काम असेल असं दोघांनाही आधी वाटलं नव्हतं.

पण शाखेचा मालक बदलायचा तर कंपनीची संमती लागते, आणि संमती फुकट मिळत नाही. हस्तांतरणाचं शुल्क जाणाऱ्या मालकाने भरायचं, परीक्षेचं येणाऱ्याने. नापास झालं तर परीक्षेचं शुल्क पुन्हा भरायचं आणि दुसऱ्या परीक्षेआधी चौदा दिवस थांबायचं. संमतीपत्राची मुदत तीस दिवस. तिसाव्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत नवा मालक पास होऊन कागद पुरे झाले नाहीत तर संमती रद्द, आणि ठरलेल्या त्याच किमतीला हॉटेल विकत घ्यायचा पहिला हक्क कंपनीचा.

कंपनी स्वतः चालवते त्या शाखांत स्वयंपाकघर नसतंच. मध्यवर्ती कारखान्यातून शिजवलेल्या अन्नाच्या बंद पिशव्या येतात. त्या गरम करायला दोन माणसं पुरतात. म्हणजे मुदत टळली तर मालकांचं काही अडणार नव्हतं, त्यांना त्यांचे पैसे मिळणारच होते. अडणार होतं ते ताईंचं आणि त्या सात जणांचं.

हॉटेल घरच्या माणसाला दिलं तर हस्तांतरणाचं शुल्क नावापुरतंच असतं. मालकांचा पुतण्या त्यासाठी दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा मालकांनी त्याला चहा पाजला आणि दारापर्यंत सोडला. कंपनीच्या कारकुनानेही फोनवर आडून सुचवलं होतं, की बाई लांबच्या नात्यातल्या निघतात का बघा, कागदावर बहीण म्हणून लागल्या तर बरंच वाचेल. मालक त्याला म्हणाले, "बहीण असती तर एकोणीस वर्षं टिकली नसती हो. पहिल्याच वर्षी बोलणं बंद झालं असतं." आणि त्यांनी पूर्ण शुल्क भरून टाकलं. ताईंना हे पावती फायलीत लावताना कळलं.

परीक्षकाचं नाव स्वयंपाकघरात कुणी घेत नसे. तो साडेनऊ. हे हॉटेल कंपनीचं प्रशिक्षणाचं ठिकाणही होतं आणि ताई तिथल्या शिक्षिका. अकरा वर्षांपूर्वी साडेनऊ त्यांच्या हाताखाली शिकायला आला तेव्हा यायची वेळ नऊची होती आणि तो रोज अर्धा तास उशिरा उगवायचा. तिसऱ्या दिवशी त्याला नाव पडलं ते पडलंच. आता तो कंपनीचा परीक्षक होता आणि सातला पाच कमी असताना मागच्या दाराशी उभा होता. ताईंची परीक्षा आपल्याकडे आली हे कळताच त्याने वरिष्ठांना लेखी कळवलं होतं, की उमेदवार माझ्या गुरू आहेत, दुसऱ्या कुणाला पाठवा. उत्तर आलं, की तीन परीक्षकांपैकी दोघे त्यांचेच विद्यार्थी आहेत आणि तिसरा रजेवर आहे.

आणि ताई चुकल्या त्या अशा. स्वयंपाकघराच्या मागे आत माणूस उभा राहील एवढा मोठा फ्रीज आहे. त्याला सगळे 'खोली' म्हणतात. खोलीत शेवटच्या फळीवर थर्मामीटर टांगलेला असतो. सात, अकरा, तीन आणि सात, दिवसातून चार वेळा आत जाऊन त्यावरचा आकडा वाचायचा आणि दाराबाहेर दोरीला बांधलेल्या पेनाने तक्त्यात भरायचा. पाचपर्यंत चालतं, पाचाच्या वर चालत नाही. अकरा वाजले तेव्हा ताईंच्या एका हातात सुपाचा डाव होता. त्या खोलीपाशी थांबल्या, मान किंचित कलती करून मोटरचा आवाज ऐकला, आणि दार न उघडता तक्त्यात लिहिलं : चार.

साडेनऊ आत जाऊन पाहून आला. थर्मामीटरवर चारच होते.

"आकडा बरोबर आहे ना?" ताईंनी विचारलं.

"बरोबर आहे," साडेनऊ म्हणाला. "पण तुम्ही तो पाहिला नाहीत."

वाक्य ताईंचंच होतं. अकरा वर्षांपूर्वी याच पोराने तीन वाजताचा रकाना दीड वाजताच भरून ठेवला होता. ताईंनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं, की उद्याचं जेवणही आजच जेवून ठेवलंयस का, आणि त्याचं प्रशिक्षण बारा दिवसांनी लांबवलं होतं. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही, हे त्या प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी सांगत. स्वतःच्या कानावर त्यांचा कधीपासून एवढा विश्वास बसला, ते त्यांनाही आठवेना. एकोणीस वर्षांत कान एकदाही खोटं बोलला नव्हता. नवख्याच्या हातून ही चूक होणं शक्य नव्हतं. नवख्याला मोटरचा आवाज कळत नाही.

मालक गल्ल्यावरून आत आले तोवर साडेनऊची सही झाली होती. मालकांनी कागद लांब धरून वाचला, मग ताईंकडे पाहिलं, मग साडेनऊकडे.

"गुरूची विद्या गुरूला," ते म्हणाले. "व्याजासकट."

साडेनऊने कागद लावायची फळी पिशवीत घातली. दुसरी परीक्षा चौदा दिवसांनी, म्हणजे मुदतीच्या अठ्ठाविसाव्या दिवशी घेता येईल आणि आपणच येऊ, असं सांगितलं, आणि तोवर नियमाप्रमाणे आपल्याशी काही बोलू नये अशी विनंती केली. जाताना तो मागच्या दारात घुटमळला, पण बोलला नाही. ताईंनी त्याला "या हं, साहेब," म्हटलं. तो 'साहेब' त्याला लागला असावा.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो पलीकडच्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाईची यंत्रं दुरुस्त करतो, आणि यंत्राचं कुठलंही गाऱ्हाणं पूर्ण ऐकल्याशिवाय त्याला हात लावत नाही. दुसऱ्या परीक्षेचं शुल्क ताईंच्या दीड महिन्याच्या पगाराएवढं होतं. त्याने ते कुठून काढायचं ते सांगितलं. मग म्हणाला, "आवाजावरून मीही यंत्र ओळखतो. पण सुई लावायच्या आधी डोळ्यांनी बघतो. बोट माझं असतं."

"झालं का तुझंही शिकवून?"

"झालं. वाढ आता."

दुसऱ्या दिवसापासून ताई खोलीचं दार उघडून आत जाऊ लागल्या. सुरुवातीला रागाने. दार उघडायचं, चार पावलं चालायचं, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचा, वाचायचं, बाहेर यायचं, लिहायचं. चार. चार. तीन. चार. प्रत्येक वेळी त्या दाराबाहेर आधी ऐकत आणि मनात आकडा धरत. प्रत्येक वेळी तोच निघे. पाचव्या दिवशी मामा म्हणाले, "ताई, तुमच्या कानालाच परीक्षेला बसवायला हवं होतं." मामा म्हणजे सात जणांतले सर्वांत जुने, पाव भाजणारे, कुणाचेच मामा नसलेले. ताई हसल्या. त्या हसण्यात थोडी फुशारकी होती हे नाकारण्यात अर्थ नाही.

सोमवारी, मुदतीच्या विसाव्या दिवशी, दुपारी तीन वाजता ताई खोलीपाशी आल्या. मोटर नेहमीसारखी चालू होती. कान म्हणाला, चार. त्या आत गेल्या. थर्मामीटर म्हणाला, सात.

त्यांनी काच हाताने पुसली. सातच. खिशातला दुसरा थर्मामीटर दुधाच्या कॅनमध्ये बुडवून मिनिटभर धरला. सात. मग त्या खाली वाकल्या आणि दाराच्या कडेने हात फिरवत गेल्या. खालच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या बाजूला, दाराचं रबर बोटभर लांबीत फाटून आत वळलं होतं. दार लागल्यासारखं दिसत होतं, पण लागत नव्हतं. मोटर बिचारी जीव तोडून चालत होती. तिच्या आवाजात फरक पडायला आणखी दोन दिवस लागले असते. त्या दोन दिवसांत खोलीतलं दूध आणि मांस रोज दोनशे माणसांच्या पोटात गेलं असतं.

ताई बाहेर आल्या आणि तक्त्यासमोर उभ्या राहिल्या.

पाचाच्या वरचा आकडा तक्त्यात पडला की तो त्याच दिवशी कंपनीच्या स्वच्छता विभागाला कळवावा लागतो. विभाग चौकशी करतो. चौकशीला दहा कामकाजाचे दिवस, आणि हस्तांतरण चालू असेल तर चौकशी संपेपर्यंत कागद पुढे सरकत नाहीत. ताईंनी बोटांवर मोजलं. दहा कामकाजाचे दिवस म्हणजे पुढच्या पुढच्या सोमवारी. मुदत त्याच्या आधीच्या गुरुवारी संपत होती. सात लिहिलं तर परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले तरी हॉटेल हातचं जाण्याचीच चिन्हं होती.

मामांनी हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं असावं. ते पावाची पाटी घेऊन शेजारून जाता जाता हळूच म्हणाले, की रबर बदलायला दोन तास लागतात. दूध-मांस टाकून देऊ, खोली थंड झाली की मग बघायला जाऊ, तोवर पेन सापडत नव्हतं म्हणू.

"पेन दोरीला बांधलंय, मामा."

"दोरी तुटते."

ताईंनी पेन हातात घेतलं. मामांचं म्हणणं वाईट नव्हतं. अन्न फेकलंच जाणार होतं, कुणाच्या पोटाला धोका नव्हता, आणि सात घरांच्या चुली त्या एका रकान्याला टांगल्या होत्या. पण सहा दिवसांपूर्वीपर्यंत त्या स्वतः दाराबाहेरूनच लिहीत होत्या, आणि आजही तसंच लिहिलं असतं तर दूधही फेकलं गेलं नसतं. साडेनऊच्या त्या न बोलता घुटमळण्याबद्दल त्यांना सहा दिवस राग होता. तो त्या जागी, तक्त्यासमोर, उतरला. त्याने त्यांना नापास केलं नसतं, जुन्या ओळखीखातर डोळेझाक केली असती, तर आज त्यांनी चार लिहिले असते आणि जेवणाच्या खोलीत माणसं शांतपणे जेवत राहिली असती.

त्यांनी लिहिलं : सात. पुढे वेळ घातली, सही केली, आणि कंपनीला कळवायचा फोन लावला.

मग त्या मालकांकडे गेल्या. हॉटेल अजून त्यांचंच होतं. फेकलं जाणारं दूध, मांस, लोणी त्यांचं होतं, आणि रबराचा खर्चही. मालकांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. किती फेकावं लागेल ते विचारलं. रबरवाल्याला फोन केला. मग गल्ल्याचा खण उगाच उघडला आणि बंद केला.

"लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं."

"बरं केलंत." मग म्हणाले, "मी असतो तर पेन हरवलं असतं."

त्या दिवशी संध्याकाळी पाचला नवं रबर बसलं. सातला खोलीत चार होते. ताईंनी ते पाहून लिहिले.

दुसरी परीक्षा ठरल्याप्रमाणे मंगळवारी, अठ्ठाविसाव्या दिवशी झाली. साडेनऊ पुन्हा सातला पाच कमी असताना आला. त्याने तक्ता पहिल्या पानापासून वाचला आणि मागच्या आठवड्यातल्या सोमवारच्या तीनच्या रकान्यावर बोट ठेवून क्षणभर थांबला. परीक्षा नऊ तास चालली. अकराला ताई खोलीत गेल्या, तीनला गेल्या. तो दोन्ही वेळा मागोमाग आत आला आणि त्यांच्या खांद्यावरून आकडा वाचला. चारला त्याने सही केली. सहाही लाल मुद्दे बरोबर. एकूण गुण शंभरात एक्क्याण्णव. नऊ गुण कशाचे गेले याची यादी त्याने जोडली होती. तिच्यात उमेदवार सुपाचा डाव हातात घेऊन फार फिरतात, हेही होतं.

परीक्षा संपल्यामुळे आता बोलायला हरकत नव्हती. ताईंनी त्याला मागच्या खिडकीपाशी स्टुलावर बसवलं आणि वाडग्यात सूप दिलं.

"साडेनऊ, एक सांगू?"

"सांगा."

"तू मला सोडलं असतंस तर मी त्या सोमवारीही कानानेच लिहिलं असतं. तुझे उपकार झाले रे माझ्यावर. नुसत्या माझ्यावर नाही."

त्याने वाडगा खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले, तसे ते अकरा वर्षांपूर्वीही व्हायचे. "ताई, तुम्ही माझे बारा दिवस लांबवलेत ना, ते बारा दिवस मी रोज मनात तुम्हाला शिव्या देत होतो."

"मनात नाही. ओठ हलायचे तुझे."

"पण नंतर मी जिथे जिथे काम केलं, तिथे मला एकदाही न बघता लिहिता आलं नाही. हातच चालत नाही. त्यावरच ही नोकरी मिळाली." मग तो नेहमीच्या कोरड्या आवाजावर आला. त्याने स्पष्ट सांगितलं, की स्वच्छता विभागावर आपलं काही चालत नाही, तिथे आपण कुणाला ओळखत नाही आणि ओळखत असतो तरी फोन केला नसता. ताई म्हणाल्या, तेही बरोबरच. त्याने सूप संपवलं, वाडगा स्वतः विसळला आणि गेला.

बुधवारी विभागाचा एक माणूस येऊन रबर, तक्ता आणि फेकलेल्या मालाची नोंद पाहून गेला. चांगला माणूस होता. म्हणाला, की सगळं नीट आहे, पण अहवालावर तीन सह्या लागतात आणि तिसरी सही सोमवारपर्यंत मिळत नाही.

गुरुवार हा तिसावा दिवस. दुपारी साडेचारच्या सुमारास जेवणाची खोली रिकामी होती. मालकांनी ताईंना गल्ल्यापाशी बोलावलं आणि फोन पुढे केला. चष्मा घरी राहिला आहे, यावर काय लिहिलंय ते वाचा म्हणाले. एकोणीस वर्षांपूर्वी ताई इथे भांडी घासायला आल्या तेव्हा त्यांची शाळा सातवीतच सुटलेली होती आणि कंपनीची पाककृतींची कार्डं बोजड भाषेत छापलेली असत. रोज दुपारी याच वेळेला मालक त्यांना एक कार्ड मोठ्याने वाचून दाखवत आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगत. दोनशे सोळा कार्डं झाली होती. शेवटची चाळीस ताईंनी वाचली होती, आणि मालकांनी ऐकली होती.

ताईंनी वाचलं. हस्तांतरणाच्या संमतीची मुदत सात दिवस वाढवून मिळावी असा जाणाऱ्या मालकाचा अर्ज. असा अर्ज एकदाच करता येतो, तो जाणाऱ्या मालकालाच करता येतो, आणि त्याचं शुल्क वेगळं आहे. शुल्काचा आकडा खाली होता. दूध, मांस, लोणी आणि रबर मिळूनही त्याच्या निम्म्याला आले नसते. अर्ज मंजूर न झाल्यास शुल्क परत मिळत नाही, अशी ओळ होती. त्याखाली : शुल्क मिळाले, बुधवार, सकाळी दहा वाजून चार मिनिटे.

ताईंनी फोन गल्ल्यावर ठेवला.

"तुम्हाला काय गरज होती?" त्या म्हणाल्या. "कंपनीने घेतलं तरी तुम्हाला तेवढेच मिळतात. हे तर पदरचे गेले."

मालक खुर्चीवरून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथली खिडकी पूर्वी बंद होती, तिच्यासमोर रिकामी खोकी रचलेली असत. चौदा वर्षांपूर्वी पाइपांसाठी समोरचा रस्ता सात महिने खणलेला राहिला आणि पुढच्या दाराने गिऱ्हाईक येईना, तेव्हा ताईंनी खोकी हलवली, खिडकी उघडली आणि मागच्या गल्लीतून कारखान्याच्या पाळीवरच्या माणसांना सूप आणि पाव द्यायला सुरुवात केली. मालक त्या वेळी हॉटेल बंद करायचा अर्ज लिहून बसले होते. त्यांनी तो पाठवला नाही. ताईंचा नवरा त्या रांगेत उभा राहायचा आणि बायकोला पैसे द्यायचा, तो एक वेगळाच विनोद होता.

"ती खिडकी कंपनीने उघडली होती का?" मालक म्हणाले.

ओट्यावर ठेवायचं फडकं ताईंच्या हातात होतं, त्याची त्यांनी दोन वेळा घडी घातली. मालकच पुढे म्हणाले, की उगाच डोळे भरून सुपात पाडू नका, मीठ जास्त होईल आणि तेवढ्यासाठी साडेनऊ परत यायचा. मग दोघं हसले, आणि मालकांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावला. तो खिशातच होता.

पाचला नवरा कारखान्यातून थेट आला आणि खिडकीबाहेर उभा राहिला. त्याला सूप दिलं. साडेपाचला फोनवर ओळ होती : अर्ज विचाराधीन. पावणेसहाला तीच. मामांनी उद्याच्या पावाचं पीठ मळायला घ्यावं की नाही ते विचारलं, आणि ताईंनी घ्या म्हणून सांगितलं. सहाला पाच कमी असताना मालकांनी कंपनीच्या कार्यालयात फोन लावला. हस्तांतरणाचं काम पाहणाऱ्या बाईंनी नम्रपणे सांगितलं, की अर्ज वेळेत आला आहे, साहेबांच्या टेबलावर आहे, साहेब बैठकीत आहेत, निर्णय येईपर्यंत संमती रद्द धरत नाहीत, आणि नकार आलेला नाही. होकार आलाय का, असं मालकांनी विचारलं. तोही आलेला नाही, असं त्या म्हणाल्या.

सहा वाजले. कार्यालय बंद झालं.

सात वाजता ताई खोलीपाशी आल्या. दार उघडून आत गेल्या, चष्मा नाकावर आणला, बाहेर आल्या आणि तक्त्यात चार लिहिले. गल्ल्यावर मालकांचा फोन उजेड मावळून पडला होता. त्यांनी तो बोटाने जागा केला. ओळ अजून तीच होती : अर्ज विचाराधीन.